बेसबॉलमध्ये व्हिडिओ रिप्ले हवा की नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न थोडा विचित्र वाटेल. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पाहून धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. रिप्ले तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडला आहे. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने मात्र त्याला पहिल्यांदा हात लावला तो २००८ मध्ये, आणि तिथला वाद आजही शमलेला नाही. खालची उत्तरं मुख्यतः मेजर लीगबद्दल आहेत. आमची बाजू आधीच सांगतो: रिप्ले हवाच, पण मैदानातल्या हजारो लोकांना दिसलेली चूक दुरुस्त करण्यासाठी. अर्धा इंच शोधून काढण्यासाठी नको.

रिप्ले नसताना असं काय बिघडत होतं?

२ जून २०१०, डेट्रॉइट. डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) अर्मांडो गालारागा याने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. एकही बॅटर बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठाव्या लागणाऱ्या चार थांब्यांपैकी एकावरही, पोहोचला नव्हता. आणखी एक बाद झाला असता तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर असे सामने फक्त २० झाले होते. सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड याने जमिनीवरून चेंडू मारला. पहिल्या बेसच्या खेळाडूने तो उचलून बेसकडे धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. चेंडू हातमोज्यात आला तेव्हा धावपटू बेसपासून एक पाऊल मागे होता. चेंडू आधी आल्याने तो बाद होता, पण पंच जिम जॉइस यांनी ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिलं.

सामना संपल्यावर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली, चूक उघडपणे मान्य केली आणि गालारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी द्यायला गालारागा स्वतः होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो त्या जागी) आला तेव्हा जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोघांच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण निर्णय बदलला नाही, नोंदीत तो सामना आजही ‘परफेक्ट’ नाही. टीव्हीवर पाहणाऱ्या प्रत्येकाला काही सेकंदांत सत्य कळलं, आणि ज्यांच्या हाती निर्णय होता त्या चार पंचांना ते पाहायची मुभाच नव्हती. रिप्लेच्या बाजूने याहून मोठा पुरावा आम्हाला तरी माहीत नाही.

त्याच्या २५ वर्षं आधी, १९८५ च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात, सेंट लुइस १-० ने पुढे असताना नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये कॅन्सस सिटीचा होर्हे ओर्टा असाच चुकून ‘सेफ’ दिला गेला. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने आणि सातवा ११-० ने जिंकला. पंच डॉन डेंकिंगर यांना त्यानंतर अनेक वर्षं लोकांचा राग सोसावा लागला. रिप्ले असता तर तो निर्णय दोन मिनिटांत फिरला असता, आणि पंचांची त्या ओझ्यातून सुटका झाली असती. रिप्ले पंचांच्या विरोधात आहे असं म्हणणाऱ्यांनी या दोन पंचांची आठवण ठेवावी.

पण इतके अनुभवी पंच पहिल्या बेसवर चुकतात कसे?

कारण तिथे डोळ्यांना एकाच वेळी दोन ठिकाणी पाहायचं असतं. धावपटूचा पाय बेसला कधी लागला आणि चेंडू हातमोज्यात कधी आला, हे दोन्ही क्षण ताडून पाहायचे. म्हणून पंचांना शिकवलं जातं: नजर बेसवर ठेवा आणि हातमोज्याचा ‘थप्प’ आवाज कानांनी टिपा. पद्धत चांगली आहे आणि बहुतेक वेळा अचूक ठरते. पण ४० हजार लोक ओरडत असले की तो आवाज बुडतो. चेंडू हातमोज्याच्या जाळीच्या टोकात हळूच अडकला तर आवाज होतच नाही. पिचर स्वतः बेसवर धावत आला असेल तर चेंडू, पाय आणि बेस हे सगळंच हलत्या गर्दीत सापडतं. गालारागाच्या सामन्यात नेमका असाच डाव होता.

रिप्ले टप्प्याटप्प्याने कसा आला?

२८ ऑगस्ट २००८ पासून फक्त होमरनसाठी, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्यासाठी: चेंडू कुंपणापलीकडे गेला का, खांबाच्या आत की बाहेर, प्रेक्षकाने हात घातला का. एवढ्यासाठीच, कारण अशा चुका जुन्या होत्या. १९९६ मध्ये यांकी स्टेडियमवर एका १२ वर्षांच्या प्रेक्षकाने डेरेक जीटरचा फटका कुंपणावरून आत ओढून घेतला होता आणि पंचांनी होमरन दिला होता.

त्या पहिल्या पद्धतीत एक दोष होता. मैदानावरचेच पंच आत जाऊन पडद्यावर आपला निर्णय तपासत. ८ मे २०१३ रोजी ओकलंडच्या अॅडम रोझालेसचा फटका कुंपणावरच्या कठड्याला लागून परत आला. तो होमरन होता. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि तरीही ‘डबल’ (दोन बेसचा फटका) कायम ठेवला. लीगने दुसऱ्या दिवशी चूक कबूल केली. आपलाच निर्णय आपणच तपासायचा, तोही सामना अडवून घाईत, हे चालणार नाही हे तेव्हा पटलं. २०१४ पासून रिप्लेची व्याप्ती वाढली आणि तपासणी न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती केंद्रात गेली. तिथे लीगचेच पंच आळीपाळीने ड्युटीवर असतात.

योगायोग असा की क्रिकेटची डीआरएससुद्धा २००८ च्याच जुलैमध्ये भारत-श्रीलंका कसोटीत पहिल्यांदा वापरली गेली. भारताने नंतर ती आपल्या मालिकांत २०१६ पर्यंत बहुतेक दूरच ठेवली. नवी यंत्रणा आली की कुरकुर होते, हे दोन्ही खेळांत सारखंच.

कोणत्या निर्णयांवर दाद मागता येते?

फोर्स आउट (धावपटूच्या आधी चेंडू बेसवर पोहोचणं) आणि टॅग (चेंडू धरलेल्या हातमोज्याने धावपटूला स्पर्श करणं), म्हणजे बेसवरचे बहुतेक आउट-सेफ निर्णय, होमरन आणि सीमेवरचे चेंडू, आउटफिल्डमधले (मैदानाच्या दूरच्या भागातले) झेल, चेंडू बॅटरला लागला की नाही, तिसरा गडी बाद होण्याआधी धाव पूर्ण झाली का, झेलानंतर धावपटूने बेस लवकर सोडला का, होम प्लेटवरची धडक, दुसऱ्या बेसवर डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) मोडण्यासाठी मारलेली घसरण.

चेंडू फेअर (मैदानाच्या रेषांच्या आत) की फाउल (बाहेर) यावर दाद मागता येते, पण चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पंचाच्या जागेपाशी किंवा त्यापुढे पडला असेल तरच. अलीकडे पडलेल्या चेंडूवर नाही. बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल), इनफिल्ड फ्लाय (आतल्या भागातल्या सोप्या झेलावर बॅटरला आधीच बाद धरणं) आणि चेक स्विंग (मध्येच थांबवलेली बॅट) यांवरही नाही. चेक स्विंगसाठी कॅमेऱ्याची चाचणी खालच्या लीगमध्ये झाली आहे.

चॅलेंज घेण्याची पद्धत काय?

१. निर्णय होताच मॅनेजरने (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने) डगआउटमधून (मैदानालगतच्या संघाच्या बसण्याच्या जागेतून) हात वर करायचा. इथून १५ सेकंद मोजले जातात. २०१७ मध्ये ही मुदत ३० सेकंद होती, नंतर २० झाली, आणि २०२३ पासून १५ आहे. डीआरएसमध्येही खेळाडूला १५ सेकंदच मिळतात.

२. तेवढ्या वेळात संघाचा व्हिडिओ समन्वयक आतल्या खोलीत सगळे कोन पाहतो आणि डगआउटमध्ये फोन करतो: घ्या किंवा सोडा.

३. चॅलेंज घेतलं की प्रमुख पंच आणि निर्णय देणारा पंच हेडसेट लावतात. ते स्वतः चित्रफीत पाहत नाहीत.

४. न्यूयॉर्कमधला पंच निर्णय देतो. २०२२ पासून मैदानावरचा पंच तो ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगतो.

५. निर्णयावर वाद घालायला मॅनेजर बाहेर आला तर त्याला मैदानाबाहेर काढलं जातं.

सुरुवातीला प्रत्येक संघाकडे एकच चॅलेंज असतं, बाद फेरीच्या सामन्यांत दोन. जिंकलं तर हातात राहतं, हरलं तर गेलं. आठव्या इनिंगपासून प्रमुख पंच स्वतःहूनही तपासणी मागू शकतो. होमरनची तपासणी तो केव्हाही मागू शकतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगमध्ये, बेसवर कोणी नसताना, रागाच्या भरात चॅलेंज उडवणं. मग सातव्या इनिंगमध्ये धाव अडलेली असते आणि मॅनेजरच्या हातात काही नसतं. आमच्या मते ही मर्यादा हवीच. अमर्याद चॅलेंज दिले तर प्रत्येक जवळचा निर्णय न्यूयॉर्कला जाईल.

निर्णय ‘कायम’ राहिला म्हणजे पंच बरोबर होता का?

नेहमी नाही. निकाल तीन प्रकारचे असतात. चित्रफितीत पंच बरोबर दिसला तर ‘पुष्टी’. स्पष्टपणे चूक दिसला तर निर्णय ‘फिरवला’. दोन्हीपैकी काहीच ठामपणे दिसलं नाही तर मूळ निर्णय ‘तसाच’ राहतो, आणि हा तिसरा प्रकार प्रेक्षकांना सर्वात जास्त खटकतो.

याची तुलना डीआरएसच्या ‘अंपायर्स कॉल’शी केली जाते, पण दोन्हींत फरक आहे. पायचीतच्या वेळी पॅडला लागलेला चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाजातल्या अनिश्चिततेचा फायदा पंचाच्या निर्णयाला मिळतो. बेसबॉलच्या आउट-सेफमध्ये अंदाज कसलाच नसतो. घटना घडलेली असते, फक्त ती दाखवणारा कोन मिळालेला नसतो. म्हणून हा नियम आम्हाला योग्य वाटतो: पुरावा नसेल तर बेसपासून पाच मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं ऐका.

इतके कॅमेरे असूनही पुरावा मिळत नाही, असं कसं?

थोडं गणित करू. साधं प्रक्षेपण सेकंदाला ६० चौकटींचं धरा. मेजर लीगच्या धावपटूचा सरासरी वेग सेकंदाला २७ फूट, म्हणजे दोन चौकटींच्या मध्ये तो सुमारे साडेपाच इंच पुढे जातो. एका चौकटीत पाय हवेत आणि चेंडू हातमोज्याबाहेर. पुढच्या चौकटीत पाय बेसवर आणि चेंडू आत. आधी काय घडलं हे या चौकटी सांगूच शकत नाहीत. जास्त चौकटी टिपणारे कॅमेरे ही फट बरीच कमी करतात, पण नेमक्या त्या बेसकडे आणि नेमक्या त्या कोनातून असा कॅमेरा रोखलेला असेलच असं नाही.

दुसरी अडचण कोनाची. समोरून पाहिलं तर टॅग करणारा हातमोजा धावपटूच्या अंगाला चिकटलेला दिसतो, बाजूने पाहिलं तर मध्ये तीन इंचांची फट असते. तिसरी अडचण म्हणजे मध्ये आलेलं शरीर. दुसऱ्या बेसवर घसरणाऱ्या धावपटूची पाठ आणि टॅग करणाऱ्याचा गुडघा मिळून निर्णायक जागा झाकून टाकतात.

हळू गतीच्या चित्रामुळे खेळच बदलतो, हा आक्षेप खरा आहे का?

खरा आहे, आणि रिप्लेच्या समर्थकांनी तो झटकून टाकू नये.

२०१४ च्या सुरुवातीचंच उदाहरण घ्या. चेंडू झेलून फेकण्यासाठी हातात घेताना तो निसटला, तर पूर्वी झेल धरला जायचा. हळू गतीत पाहताना ‘चेंडूवर ताबा होता का’ हे इतकं काटेकोर झालं की झेल नाकारले जाऊ लागले. एप्रिल संपण्याआधी लीगला अर्थ बदलून जुनी समज परत आणावी लागली.

दुसऱ्या बेसवर डबल प्ले करताना बेसला पाय ‘जवळजवळ’ लागला तरी आउट देण्याची जुनी रीत होती, कारण समोरून धावपटू अंगावर येत असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये डॉजर्सच्या चेस अटलीने अशीच घसरण मारली आणि मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला. वर रिप्लेने अटलीला सेफ ठरवलं, कारण तेहादाचा पाय बेसला लागलाच नव्हता. पुढच्या वर्षी घसरणीचे नियम कडक झाले आणि ‘जवळजवळ’ची सवलत गेली. इथे रिप्लेने एक दुखरी विसंगती उघडी पाडली आणि खेळाडूंचं भलंच झालं.

पण तिसरं उदाहरण आम्हाला अजिबात मान्य नाही. धावपटू वेगाने घसरत येतो, बेसला वेळेत पोहोचतो आणि जोराच्या धक्क्याने त्याचं अंग क्षणभर, एखाद्या बोटाएवढं, बेसवरून उचललं जातं. क्षेत्ररक्षक हातमोजा त्याच्या अंगाला चिकटवूनच ठेवतो. रिप्लेत ती फट दिसते आणि धावपटू आउट. नियमाच्या शब्दांत हे बरोबर आहे. पण मैदानावर कोणालाही, त्या धावपटूलासुद्धा, जे जाणवलं नाही ते शोधण्यासाठी रिप्ले आणलेला नाही. घसरण पूर्ण होईपर्यंत बेसच्या वरची हवा बेसचाच भाग धरावी, एवढा छोटा बदल पुरेसा आहे.

निर्णय फिरला तर बाकीच्या धावपटूंचं काय?

निर्णय सुरुवातीपासून बरोबर असता तर प्रत्येक जण कुठे पोहोचला असता, याचा अंदाज न्यूयॉर्कचा पंच बांधतो आणि त्याप्रमाणे धावपटू ठेवले जातात.

सर्वात अवघड ‘फाउल’ फिरवणं. फाउल म्हटलं की सगळे थांबतात: क्षेत्ररक्षक चेंडू उचलत नाही, धावपटू परत फिरतो. नंतर तो फेअर ठरला तर दुसऱ्या बेसवरचा माणूस होमपर्यंत गेलाच असता का, हे कोण सांगणार? म्हणून शंका असेल तेव्हा खेळ चालू ठेवणं पंचांसाठी शहाणपणाचं. फेअर दिलेला चेंडू नंतर फाउल करणं सोपं असतं, सगळ्यांना जुन्या जागी परत पाठवायचं, बस्स.

यात वेळ फार जातो का?

२०१४ मध्ये एका तपासणीला सरासरी पावणेदोन मिनिटं लागत. एकूण सामन्याच्या मानाने हे किरकोळ आहे. पूर्वी मॅनेजर धावत येऊन पंचाच्या तोंडासमोर चार मिनिटं हुज्जत घालायचा, तो वेळ कोणी मोजत नसे. खरी चीड आणते ती पाच-सहा मिनिटं रेंगाळणारी तपासणी. आमचं मत: दोन मिनिटांत ठाम पुरावा दिसत नसेल तर तो पुरावा ठाम नाहीच, निर्णय तसाच ठेवून खेळ सुरू करावा. २०१७ पासून दोन मिनिटांचं मार्गदर्शक बंधन आहे, पण त्याला अपवाद आहेत. ते सक्तीचं करायला हवं.

रिप्लेच्या खोलीतून फसवणूक झाली होती ना?

हो, आणि हा रिप्लेच्या इतिहासातला सर्वात काळा भाग आहे. प्रत्येक संघाला डगआउटजवळ व्हिडिओची खोली मिळाली ती चॅलेंज ठरवण्यासाठी. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २०१७ मध्ये सेंटरफील्डच्या (पिचरच्या मागे दूरवरच्या) कॅमेऱ्यावरून विरुद्ध कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा उलगडल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला पुढचा चेंडू कोणता ते कळवलं. जानेवारी २०२० मध्ये त्यांना ५० लाख डॉलरचा दंड झाला, दोन वर्षांचे पहिल्या दोन फेऱ्यांतले ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क गेले, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. बॉस्टनच्या २०१८ च्या संघातील रिप्ले कर्मचाऱ्यावरही कारवाई झाली.

दोष रिप्लेचा नाही, पण संघाच्या हातात थेट चित्रं देण्याचा मात्र आहे. चॅलेंजचा निर्णय मैदानावरच्या खेळाडूंनी उघड्या डोळ्यांनी घ्यावा, हे अधिक न्याय्य. क्रिकेटमध्ये तोच नियम आहे. २०१७ च्या बंगळुरू कसोटीत स्टीव्ह स्मिथने रिव्ह्यूसाठी ड्रेसिंग रूमकडे पाहिलं तेव्हा केवढं वादळ उठलं ते सर्वांना आठवत असेल.

बॉल आणि स्ट्राइकसाठीही यंत्र येणार का?

बॅटरने न मारलेला चेंडू प्लेटवरच्या ठरावीक चौकोनातून (झोनमधून) गेला तर ‘स्ट्राइक’, नाहीतर ‘बॉल’. मेजर लीगने २०२६ च्या हंगामासाठी यंत्राला मंजुरी दिली आहे, आणि त्याची रचना आम्हाला बेसवरच्या रिप्लेपेक्षाही चांगली वाटते. प्रत्येक चेंडूवर निर्णय पंचच देतो. संघाला दोन चॅलेंज, जिंकलं तर टिकतं. मागण्याचा अधिकार फक्त पिचर, कॅचर आणि बॅटर यांना. डोक्यावरच्या टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून लगेच मागायचं, डगआउटकडे पाहायचं नाही. चेंडूचा मार्ग हॉक-आय प्रणालीचे १२ कॅमेरे टिपतात; डीआरएसमधून आपल्या ओळखीचं तेच नाव. २०२५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत एका तपासणीला सुमारे १४ सेकंद लागले आणि निम्म्याहून थोडे जास्त निर्णय फिरले.

झोनची रुंदी प्लेटएवढी, १७ इंच. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी बॅटरसाठी हे जमिनीपासून साधारण ४९ ते ९८ सेंटिमीटर. उंची आधी मोजून ठेवलेली असल्यामुळे वाकून उभं राहून झोन लहान करता येत नाही.

इतर देशांत काय करतात?

जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये २०१८ पासून ‘रिक्वेस्ट’ पद्धत आहे. कोरियात व्हिडिओ तपासणी २०१४ पासून, आणि २०२४ पासून प्रत्येक बॉल-स्ट्राइकचा निर्णय यंत्रच देतं. पंच फक्त कानात ऐकून तो जाहीर करतो. कोरियाच्या वाटेने जायची गरज आम्हाला वाटत नाही.

आमच्या जिल्हा किंवा कॉलेजच्या स्पर्धेत मोबाइलवर रिप्ले वापरता येईल का?

दोन अटी पाळता येत असतील तरच. एक, कॅमेरे कोणत्याही संघाचे नसून आयोजकांचे असावेत. दोन, ते सामनाभर एकाच जागी राहावेत. प्रेक्षकाने हातात धरून घेतलेली चित्रफीत पुरावा म्हणून कधीच स्वीकारू नका.

पहिल्या बेससाठी फोन तिवईवर, फाउलच्या बाजूला, दुसऱ्या आणि पहिल्या बेसला जोडणारी रेघ बाहेर वाढवली तर ती जिथे जाते तिथे, १० ते १५ मीटरवर, जाळीमागे ठेवा. तिथून धावपटू आडवा जाताना दिसतो आणि पाय व हातमोजा एकाच चौकटीत येतात. दोन वेगळ्या फोनवर पाय आणि हातमोजा टिपून नंतर वेळ जुळवायला गेलात तर फसाल. सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींचा पर्याय निवडा, आणि शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा ठेवा. नाहीतर पाय धुरकट पट्ट्यासारखा दिसतो. असा शटर भर उन्हातच चालतो. संध्याकाळच्या सामन्यात चित्र काळं पडेल, तेव्हा रिप्ले नको असं आधीच जाहीर करा.

दुसरा फोन होम प्लेटच्या मागे उंचावर ठेवा, पण त्याचा उपयोग टॅगसाठीच. बॉल-स्ट्राइक त्यावरून ठरवू नका. वरून घेतलेल्या चित्रात चेंडूची उंची फसवते. संघाला एक चॅलेंज, तपासणी सामन्यात नसलेल्या तिसऱ्या पंचाकडे, वेळ दोन मिनिटं. फोनची साठवण आणि बॅटरी प्रत्येक इनिंगनंतर तपासा. २४० चौकटींची चित्रफीत जागा फार लवकर खाते, आणि ती भरली की कॅमेरा मुकाट बंद पडतो.